रानपिंगळा ‘क्रिटिकल’मधून बाहेर आला, मग यावल अभयारण्यात आता काय?

केळीपट्टा_फैजपूर

राम राम मंडळी. आमच्या गावच्या ग्रुपवर परत एकदा तोच मेसेज फिरून राह्यला, की रानपिंगळा, म्हणजे जंगलातलं ते छोटं घुबड, आता धोक्याबाहेर आहे, जगाच्या धोक्यातल्या पक्ष्यांच्या यादीतून त्याचं नाव काढलं. खाली सगळ्यांचे टाळ्या आणि हात जोडलेले. लगेच एकाने लिहिलं, मग आता शाळांमध्ये पक्ष्याचा कार्यक्रम कशाला, दुसरा विषय घेऊ. मला हे अजिबात पटलं नाही म्हणून इथे धागा काढतोय, कारण इथे सातपुड्याच्या पायथ्याची बरीच मंडळी आहेत आणि खरं काय ते नीट बोलता येईल.

पहिली गोष्ट, यादीतून नाव काढलेलं नाही. बातमी २०१८ ची आहे. ही यादी काढणाऱ्या आययूसीएन या जागतिक संघटनेने त्याला ‘क्रिटिकली एन्डेंजर्ड’ (अतिशय धोक्यात) मधून ‘एन्डेंजर्ड’ (धोक्यात) मध्ये टाकलं, म्हणजे धोका एक पायरी कमी धरला. आणि ते पक्षी वाढले म्हणून नाही, तर शोधणारे वाढले म्हणून. मेळघाटात, मध्य प्रदेशात खंडवा-बुऱ्हाणपूरकडे, गुजरातेत डांगमध्ये, २०१४ ला तर पार मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यात, असा नवीन नवीन ठिकाणी सापडत गेला. तरी सगळ्या जगात मिळून मोठे पक्षी हजाराच्या आतच असावेत असा अंदाज आहे. सगळ्या जगात म्हणजे भारतातच, कारण हा पक्षी मध्य भारत सोडून कुठेच नाही. हजाराच्या आत म्हणजे आमच्या गल्लीतल्या एका लग्नात याच्यापेक्षा जास्त माणूस जेवतं.

आणि आपलं जळगाव जिल्ह्यातलं यावल अभयारण्य, १९६९ ला जाहीर झालेलं, पावणेदोनशे चौरस किलोमीटरच्या आसपास, पाल, सुकी नदी, वरती मध्य प्रदेशची हद्द, हे त्याच्या मोजक्या घरांपैकी एक. मला विचारायचंय ते एवढंच की कागदावर अभयारण्य आहे, पक्ष्याला वन्यजीव कायद्यातल्या पहिल्या परिशिष्टाचं (शेड्यूल १) संरक्षण आहे, म्हणजे वाघाला जो कायदा तोच याला, तरी पायथ्याकडचं जंगल दरवर्षी विरळ होताना दिसतंय. तर नेमकं काय वाचवलं म्हणजे हा पक्षी वाचेल? ज्यांना माहीत आहे त्यांनी लिहा.

रावेरचा_भो

माले बी हाई म्हाईत नव्हतं भाऊ. आमच्या मळ्यात विहिरीवरच्या उंबरावर पिंगळे आहेत, संध्याकाळ झाली की किर्र किर्र भांडतात, आम्ही तर तोच रानपिंगळा समजायचो. तो वेगळा अन् हा वेगळा ओळखायचा कसा? फोटो टाका ना कोणीतरी.

सकाळची_वही (धुळे)

@रावेरचा_भो, मळ्यातला, गावातला, जुन्या वाड्याच्या भिंतीतला तो साधा पिंगळा. रानपिंगळा गावात येत नाही, मळ्यातही नाही, त्याला सागाचं मोकळं जंगल लागतं.

साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके भरपूर असतात, तांदूळ उधळल्यासारखे. रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ कोरं, करडं-तपकिरी, ठिपके असले तरी अगदी पुसट. डोकं आणि चोच अंगाच्या मानाने मोठी. छातीचा मधला भाग गडद तपकिरी, आणि खाली पोट एकदम स्वच्छ पांढरं. पंखावर आणि शेपटीवर रुंद पट्टे. आणि पाय बघा, पाय! पांढऱ्या दाट पिसांनी बोटांपर्यंत भरलेले, पायमोजे घातल्यावाणी, आणि त्यातून बाहेर आलेल्या नख्या एवढ्याशा घुबडाच्या वाटत नाहीत. पक्षी जेमतेम २३ सेंटीमीटर.

पण लांबून ओळखायला सगळ्यात सोपं म्हणजे त्याची सवय. हा दिवसा शिकार करतो. थंडीत सकाळी ऊन आलं की पानं झडलेल्या झाडाच्या शेंड्यावर उघड्यावर येऊन बसतो आणि शेपटी डावी-उजवी झटकत राहतो, झटक झटक. मी दुर्बिणीतून पाहिलेलं एक चित्र आहे. वठलेल्या फांदीवर बसलेला होता, खाली पाचोळ्यात खुसफुस झाली, सरळ खाली पडल्यासारखा गेला आणि सापसुरळी घेऊन वर आला. सापसुरळीची शेपटी तुटून खालच्या फांदीवर अडकली होती आणि तिथे वळवळत होती, तर हा तोंडातली सापसुरळी न सोडता मान वाकडी करून त्या शेपटीकडे बघत राहिला, बराच वेळ. मग उडून ढोलीकडे गेला. आत मादी असणार.

त्याच्या खाण्याचा अभ्यास झालेला आहे, त्यात निम्म्याहून जास्त, जवळजवळ ६० टक्के, सरडे-सापसुरळ्या-पालीच निघाल्या, मग उंदीर, बाकी किडे, बेडूक, कधीतरी छोटे पक्षी. म्हणून केळीपट्टा भाऊंनी जे विचारलं त्याचं अर्धं उत्तर इथेच आहे, पाचोळा आणि त्यातल्या सापसुरळ्या वाचल्या पाहिजेत. बाकीचं अर्धं ढोलीत आहे, त्यावर नंतर लिहिते, आता कामाला जायचंय.

तळोदेकर

धागा पाहून बरं वाटलं. यावलचं बोलताय पण या पक्ष्याची सगळी कहाणी आमच्या नंदुरबारची आहे, म्हणजे जुन्या पश्चिम खान्देशची, ती इथे लिहून ठेवतो कारण आमच्याकडच्या पोरांनाही माहीत नसते.

ब्लेविट नावाच्या माणसाने १८७२ ला आताच्या छत्तीसगडकडे याचा पहिला नमुना मिळवला, ॲलन ह्यूम, तोच पुढे काँग्रेस स्थापन करणारा, त्याने १८७३ ला त्याचं वर्णन छापलं आणि ब्लेविटचं नाव दिलं. नंतर खान्देशात जेम्स डेव्हिडसन म्हणून इंग्रज अधिकारी होता, त्याने शहादा-तळोदा भागात बरेच नमुने गोळा केले. शेवटचा १८८४ चा. त्यानंतर हा पक्षी कोणाला दिसलाच नाही. जगभरातल्या म्युझियममध्ये मिळून फक्त सात कातडी, बस.

मधे एक रिचर्ड माइनर्ट्झहागेन नावाचा इंग्रज कर्नल, फार मोठं नाव होतं त्याचं पक्षी जगतात, त्याने सांगितलं की मी १९१४ ला गुजरातेत तापीकाठच्या मांडवीजवळ हा पक्षी मारला, हा घ्या नमुना. लोकांनी विश्वास ठेवला. सलीम अली आणि रिप्ले यांच्यासारख्या मोठ्या माणसांनी सत्तरच्या दशकात शोध घेतला, पण पक्षी मिळाला नाही. पुढे पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी त्याच्या नमुन्यांची तपासणी केली, एक्स-रे काढले, तेव्हा कळलं की तो नमुना डेव्हिडसननेच खान्देशात मिळवलेला होता, ब्रिटिश म्युझियममधून चोरून, टाके उसवून, परत भरून, नवीन चिठ्ठी लावलेला. म्हणजे आपल्या शहादा-तळोद्याच्या पक्ष्याला चोरून गुजरातचा केला होता.

मग रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट असे तिघं आले नोव्हेंबर १९९७ मध्ये. मांडवीची नोंद बाजूला ठेवली आणि खऱ्या जागा धरल्या. पूर्वेकडे काही मिळालं नाही, मग शहाद्याकडे आले आणि २५ नोव्हेंबरला सकाळी पायथ्याच्या जंगलात झाडावर बसलेला दिसला. ११३ वर्षांनी. नंतर तोरणमाळच्या जंगलात बीएनएचएसच्या (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) लोकांनी वर्षानुवर्षं राहून अभ्यास केला, धुळ्याच्या ताईंनी खाण्याचं जे लिहिलं ते त्यातूनच आलेलं असावं.

आता वाईट भाग. डेव्हिडसनच्या काळी तळोद्याला जे जंगल होतं ते आज जाऊन बघा. नव्वदच्या दशकात सरदार सरोवरात गावं बुडाली त्यांच्या पुनर्वसनासाठी तळोद्याचं सुमारे ४२०० हेक्टर जंगल दिलं गेलं. मी त्या लोकांना दोष देत नाही, त्यांची नर्मदाकाठची घरं गेली होती आणि त्यांना कुठेतरी जमीन द्यायचीच होती. पण सरकारने हिशोब लावताना त्या जंगलात कोण राहतं हे धरलंच नव्हतं, आणि पक्षी तर तेव्हा नामशेष समजला जायचा. जागा वाटून झाल्यावर तीन-चार वर्षांनी तो सापडला. यावलचं तसं होऊ नये एवढं मला वाटतं.

रावेरचा_भो

बाप रे. एवढा इतिहास आहे अन् आमच्या शाळेत कोणी एक अक्षर सांगितलं नाही.

अंजनवन

मी यावल तालुक्यातला, शिक्षण वनस्पतीशास्त्राचं. ढोलीबद्दल मी लिहितो, धुळ्याच्या ताई भर घालतीलच.

रानपिंगळा स्वतः ढोली कोरत नाही. त्याला तयार पोकळी लागते, म्हणजे फांदी मोडून आतून कुजलेलं झाड किंवा सुतारपक्ष्याने केलेलं भोक. अशी पोकळी मोईसारख्या मऊ लाकडाच्या झाडात लवकर होते. सागात आणि आपल्या अंजनात फार वर्षं लागतात. आणि झाड जाड, जुनं पाहिजे. पन्नास-साठ वर्षांचं झाड पडलं तर ती ढोली आपण दहा हजार रोपं लावून उद्या परत आणू शकत नाही. पोपट, साधे पिंगळे, सुतार, नीलकंठ, सगळ्यांना त्याच ढोल्या हव्या असतात, म्हणजे आधीच मारामारी.

म्हणून पावसाळ्यात सीडबॉल (बी घातलेले मातीचे गोळे) फेकायला येणाऱ्या ग्रुपना मी दरवेळी सांगतो की तुमची भावना चांगली आहे पण अभयारण्यात बी फेकून या पक्ष्याचं भलं होणार नाही. उलट काही ठिकाणी मोकळ्या जंगलात खड्डे खणून दाट रोपवन केलं जातं, आणि रानपिंगळ्याला तर मोकळं रान लागतं, मधे मधे गवत, विरळ झाडी, खाली दिसलं पाहिजे नाहीतर शिकार कशी करणार. त्याला हवंय ते उभं असलेलं जुनं झाड. वठलेलं असलं तरी. वठलेलं असलं तर जास्तच.

आणि नेमकं तेच झाड पहिलं जातं. वाळलेलं दिसलं की लोकांना ते सरपण वाटतं, कापलं तरी कोणी बोलत नाही.

कॅमेरा_जळगाव

छान चर्चा चालू आहे. मी या थंडीत यावल किंवा तोरणमाळला जायचं ठरवतोय, रानपिंगळ्याचा चांगला फोटो माझ्याकडे नाही. कोणी एक्झॅक्ट लोकेशन देईल का? पिन पाठवली तरी चालेल. माझ्याकडे त्याच्या आवाजाचं, म्हणजे कॉलचं रेकॉर्डिंग आहे, ते वाजवलं की जवळ येतो असं ऐकलंय.

सकाळची_वही (धुळे)

@कॅमेरा_जळगाव, दादा, लोकेशन इथे कोणीही देऊ नये अशी माझी सगळ्यांना हात जोडून विनंती आहे. आणि कॉल वाजवू नका. का ते सांगते.

याचा विणीचा काळ ऑक्टोबरपासून मे पर्यंत. थंडीत जोडी जमते, हद्द ठरते, ढोली निवडली जाते. तुम्ही स्पीकरवर नराचा आवाज लावला की तिथल्या नराला वाटतं दुसरा नर घुसला. तो शिकार सोडून, मादीला खाऊ घालणं सोडून येतो, तुमच्या डोक्यावरच्या फांदीवर ओरडत बसतो. तुम्हाला फोटो मिळतो, दुसऱ्या दिवशी दुसरा ग्रुप येतो, तिसऱ्या दिवशी तिसरा. मादी आत अंड्यांवर उपाशी. अंडी दोनच असतात बहुतेक वेळा. आणि तो उघड्यावर ओरडत बसला की शिक्रा वगैरे शिकारी पक्ष्यांनाही दिसतो. बाकी पक्षी हजार-लाख असतील तर एखाद-दुसरं घरटं बिघडलं तरी चालून जातं, याचं तसं नाही.

कॅमेरा_जळगाव

कॉलचं ठीक आहे ताई, नाही वाजवणार. पण एक सांगतो, फोटो काढणाऱ्यांना सरसकट शत्रू धरू नका. आता केळीपट्टा भाऊंनी तानसाचं लिहिलं, तसे नवीन जागचे पुरावे फोटोमुळेच पक्के होतात, नुसतं ‘मी पाहिला’ म्हटल्यावर कोण धरणार, जेव्हा साधा पिंगळा इतका सारखा दिसतो. लोकेशन लपवून ठेवलं आणि तिथे उद्या झाडं तोडली तर इथे पक्षी होता हे कशावरून सांगणार?

तळोदेकर

मुद्दा बरोबर आहे. फोटो हवाच, नोंद हवीच, पण ती जिथे द्यायची तिथे द्या. वनखात्याला द्या, अभ्यास करणाऱ्यांना द्या, ऑनलाइन नोंदवहीत टाकताना जागा लपवायची सोय असते ती वापरा. फेसबुकवर ‘अमुक नाल्याच्या वळणावर’ असं लिहून टाकायचं नाही एवढंच. आणि ढोलीच्या समोर उभं राहून नाही, लांबून.

पाड्यावरचा_मास्तर

मी पावरा समाजाचा, सातपुड्यातल्या एका पाड्यावर जिल्हा परिषद शाळेत शिकवतो. दोन दिवस वाचतोय, लिहू की नको असं चाललं होतं. लिहितोच, जरा लांब होईल.

जंगल तुटतंय हे खरं आहे. आम्ही रोज बघतो. नेवाड, म्हणजे जंगल तोडून नवीन शेत, काढायला आधी झाडाची साल बुंध्याशी गोल काढतात, झाड उभं वाळतं, मग दुसऱ्या वर्षी जाळतात, की झाली शेती. अंजनासारखं झाड, ज्याच्यावर आम्ही दुष्काळात गुरं जगवली, ते असं वाळलेलं बघून आमच्या म्हाताऱ्यांच्या डोळ्यात पाणी येतं. पण बाहेरची मंडळी हे बोलताना ‘आदिवासी जंगल तोडतात’ एवढ्यावर थांबतात, ते मला लागतं.

वनहक्क कायदा २००६ ला आला, त्यात १३ डिसेंबर २००५ ही तारीख आहे, त्याच्या आधीपासून जो जमीन कसत होता त्याचा हक्क. आमच्या पाड्यावर असे लोक आहेत ज्यांचे बाप-आजे तिथेच गेले आणि त्यांचे दावे वर्षानुवर्षं फाइलीत पडून आहेत, आज या सहीसाठी, उद्या त्या नकाशासाठी. आणि दुसरीकडे काही लोक बाहेरून येतात, पैसा दुसऱ्याचा असतो, ते या वर्षी झाडं तोडतात आणि जुनं आहे म्हणून सांगतात. हे दोन वेगळे आहेत. जुन्या माणसाचा दावा लवकर निकाली काढला असता तर नवीन तोडणाऱ्याला लपायला जागा राहिली नसती. उलट खरा हक्कदार आणि गार्ड एकमेकांवर काठ्या घेऊन उभे राहतात. त्याच कायद्यात सामूहिक वनहक्क आहे, म्हणजे गावाने जंगल राखायचा, वापरायचा हक्क. तो मिळालेली गावं आपलं जंगल राखतात, रात्री गस्त घालतात, कुऱ्हाडवाल्याला अडवतात. अभयारण्याला वीस गार्ड दिले तरी ते सगळ्या दऱ्याखोऱ्यात पुरणार नाहीत, पाड्यावरचा माणूस मात्र तिथेच असतो.

घुबडाचं पण सांगतो. आमच्याकडे आणि सगळ्याच गावांकडे घुबड म्हणजे अपशकुन. त्याला दगड मारतात, त्याची अंडी, पंख, नख्या भगताकडे जातात, हे होतं आणि अजूनही कुठे कुठे आहे. शहरातल्या लोकांनी फार नाक मुरडू नये, दिवाळीच्या अमावास्येला घुबडाचे भाव शहरातूनच वाढतात. मी पोरांना रागावून सांगत नाही की अंधश्रद्धा आहे. मी त्यांना सांगतो की हा उंदीर खातो, आणि तुमच्या कणगीतला मका उंदीर खातो. एवढं सांगून मग त्यांना ढोली दाखवायला नेतो, लांबून. पोरंच घरी जाऊन सांगतात. माझ्या वर्गातला एक मुलगा आहे, गुरं चारायला जातो सुट्टीत, त्याने मला दोन्ही पिंगळ्यांच्या उडण्यातला फरक सांगितला, की गावातला खालीवर हेलकावे घेत जातो आणि डोंगरातला सरळ जातो. हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं.

सकाळची_वही (धुळे)

मास्तर, तुमच्या त्या विद्यार्थ्याने अगदी बरोबर पाहिलंय, अभ्यासकांनीही उडण्यातला हाच फरक लिहून ठेवलाय. तुम्ही लिहीत राहा.

केळीपट्टा_फैजपूर

मास्तर, मनापासून धन्यवाद. मी सुरुवातीला ‘जंगल विरळ होतंय’ लिहिलं, त्याचं कारण इतकं उलगडून कोणी सांगितलं नव्हतं. दाव्यांचा निकाल लागणं हा पण पक्ष्याचाच मुद्दा आहे हे मला आता दिसतंय.

आपल्या केळीपट्ट्यातल्या लोकांना उद्देशून पण एक लिहायचंय. डिसेंबर-जानेवारीत आपल्या भरीत पार्ट्या सुरू होतात. वांगी पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) काड्यांवर शेतात भाजायची, तिथेच बडगीत ठेचायची, कळण्याची पुरी, याच्यासारखं सुख नाही आणि ते सोडा असं मी कोणालाच सांगणार नाही. पण गेल्या काही वर्षांत पार्ट्या शेतातून उठून जंगलात जायला लागल्या. पालच्या रस्त्याला, सुकीच्या काठाला, गाडीत डीजे, आणि पऱ्हाटी सोबत नेलेली नसते म्हणून आजूबाजूचं वाळलेलं झाड तोडून पेटवायचं. अंजनवन भाऊंनी लिहिलं ना, वठलेलं झाडच ढोलीचं झाड. आणि महिना पण तोच, जोडी जमायचा. भरीत शेतातच करा ना भो, शेतात चव पण जास्त लागते.

अमळनेरच्या_काकू

मी निवृत्त शिक्षिका. वाचून फार हळहळ वाटली आणि काहीतरी करावं असं वाटलं. पण माझ्यासारख्या बाईला गुडघ्यांमुळे जंगलात फिरणं होत नाही. आम्ही भिशीचा ग्रुप दरवर्षी झाडं लावायला पैसे देतो, ते आता कुठे द्यावेत? आणि आमच्याकडून अनेर धरण अभयारण्य जवळ आहे, शिरपूर तालुक्यातलं, तिथेही हा पक्षी आहे का?

अंजनवन

काकू, अनेरची पक्की नोंद मला माहीत असल्याशिवाय हो म्हणणार नाही. पण सातपुडा हा सलग आहे, पक्ष्याला अभयारण्याची पाटी वाचता येत नाही. तोरणमाळ, अनेर, यावल, वरती बुऱ्हाणपूर-खंडवा, पुढे मेळघाट, जिथे तो सगळ्यात जास्त आहे. यातली एकेक जागा वेगळी राखून उपयोग नाही, मधलं जंगल तुटलं की यावलचे पक्षी यावलमध्येच अडकतील आणि थोडे पक्षी एका जागी अडकले की पुढच्या पिढ्या कमजोर होत जातात. म्हणून अनेरमध्ये आज असो नसो, अनेरचं जंगल राहिलं पाहिजे.

पैशाचं म्हणाल तर झाडं लावण्याऐवजी मास्तरांच्या शाळेसारख्या शाळेला दुर्बिणी घेऊन द्या. किंवा पाड्यावर सुधारित चुली. सरपण कमी लागलं की मोई वाचते. चुलीचं मॉडेल मात्र तिथल्या बायांना विचारून घ्या, नाहीतर भाकरी नीट भाजली जात नाही म्हणून कोपऱ्यात पडून राहते.

पाड्यावरचा_मास्तर

दुर्बीण चालेल काकू. फार धन्यवाद. मोठी नको, पोरांच्या हातात मावेल अशी.

रावेरचा_भो

आमच्या मळ्यात उंदरासाठी औषध टाकतो, केळीत उंदीर भयानक आहे. त्याचा काही परिणाम होतो का? जंगल आमच्यापासून फार लांब नाही.

सकाळची_वही (धुळे)

होतो. विष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही, झिंगत उघड्यावर फिरतो, आणि असा उंदीर घुबडाला सगळ्यात सोपा. मग ते विष घुबडाच्या पोटात. जंगलाला लागून शेत आहे त्यांनी तरी गोळ्यांऐवजी पिंजरे, सापळे वापरावेत. तुमच्या विहिरीवरच्या उंबरावर पिंगळ्यांची जोडी आहे ना, ती तुमचंच काम फुकटात करते आहे, तिला तर तुम्ही रोज विष घातलेलं ताट वाढताय. सापळे लावून बघा, निदान विहिरीच्या बाजूच्या वाफ्यांत.

आता राहिलेला विषय आगीचा. मला सगळ्यात जास्त भीती त्याचीच आहे. फेब्रुवारीपासून मोह वेचायला झाडाखालचा पाचोळा जाळतात, तेंदूला नवीन पालवी यावी म्हणून जाळतात, नेवाडासाठी जाळतात, आणि वाऱ्याने ती आग डोंगरभर पसरते. त्याच वेळी ढोलीत पिल्लं असतात. सापसुरळ्या, सरडे, सगळं त्या पाचोळ्यात. मोठी झाडं आगीत मरत नाहीत पण पोकळ झाड आतून धुराड्यासारखं पेटतं आणि दोन-दोन दिवस धुमसत राहून कोसळतं. म्हणजे एका आगीत खाणं पण गेलं आणि घर पण गेलं. अभयारण्याचे वनमजूर जाळरेषा, म्हणजे आग अडवणारे मोकळे पट्टे, काढतात, पण माणसं कमी आणि डोंगर मोठा.

आग दिसली तर वनखात्याच्या १९२६ या नंबरवर लगेच सांगा. कोणीतरी सांगितलंच असेल असं धरून पुढे जाऊ नका.

कॅमेरा_जळगाव

आगीच्या दिवसांत आमच्या ग्रुपमधले पाच-सहा जण सुट्टीच्या दिवशी येऊ शकतात. कॅमेरे घरी ठेवून. नुसतं उभं राहून बघायला नाही, काम करायला. चालेल का? कोणाशी बोलावं लागेल?

पाड्यावरचा_मास्तर

चालेल की. आधी तिथल्या वनखात्याच्या राउंडच्या साहेबांची परवानगी घ्या, अभयारण्यात तसं जाता येत नाही. ती मिळाली की आमच्या गावच्या समितीसोबत तुम्हाला जोडून देतो. होळीच्या आधी भोंगऱ्या बाजार भरतो, तेव्हा सगळे पाडे खाली उतरतात, त्या दिवसांत वर डोंगरात राखायला माणूस कमी असतो, तेव्हा आलात तर जास्त उपयोग. मोहाखाली पाचोळा न जाळता झाडून गोळा करायचा, हे काही पाड्यांनी सुरू केलंय, तिथे बायकांना हात लागतात, ते काम पण आहे.

अमळनेरच्या_काकू

मोहाखाली जुनी लुगडी किंवा नेट अंथरली तर? फुलं त्यावरच पडतील, जाळायला पण नको आणि वेचायला पण वाकायला नको. जुनी लुगडी तर आमच्याकडे प्रत्येक घरात आहेत.

पाड्यावरचा_मास्तर

काकू, हे फार चांगलं सुचवलंत. नेट वापरतात काही ठिकाणी, पण विकत घ्यायला परवडत नाही सगळ्यांना. लुगडी पाठवा, सुती पाठवा, चार-चार जोडून मोठं करून घेतो आम्ही. जानेवारीच्या शेवटपर्यंत पोचली तर मोहाच्या आधी वाटून होतील.

आणि जळगावच्या दादांना, येताना पायात जाड बूट घाला आणि अंगात सुती कपडे, टेरिकॉट-नायलॉन अजिबात नको, ठिणगी पडली की ते अंगाला चिकटतं. पाणी प्रत्येकाने स्वतःचं दोन बाटल्या आणायचं, वर नाले तोवर आटलेले असतात.